रुप्याच्या शवपेटीतला फॅरो: सुसेनेस पहिला याच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सुसेनेस नेमका कोण?

प्राचीन इजिप्तच्या एकविसाव्या राजघराण्यातला तिसरा राजा. इ.स.पू. १०४७ च्या सुमाराला तो गादीवर आला आणि इ.स.पू. १००० च्या आसपास वारला. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूला जाऊन तेव्हा दीड हजार वर्षं झाली होती, आणि तुतनखामेनला पावणेतीनशेच्या वर. इजिप्त म्हटलं की जे काही आपल्या डोळ्यांसमोर येतं, ते बहुतेक सगळं त्याच्या आधीच होऊन गेलेलं होतं.

त्याची राजधानी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं तानिस. वडील पिनेजेम पहिला, म्हणजे दक्षिणेत थीब्जला अमुन देवाचा मुख्य पुजारी. आई हेनुत्तावी. पट्टराणी मुतनेजमेत ही त्याची बहीणच. राजघराण्यात असे विवाह तिथे रूढ होते.

नावाचा उच्चार काय?

सुसेनेस. रोमन लिपीत आधी एक 'प' लिहितात, तो बोलताना गळाला तरी चालतं. हे रूप ग्रीकांकडून आलंय. मूळ इजिप्शियन नाव पासेबाखाएननिउत, म्हणजे 'शहरात उगवलेला तारा', आणि हे शहर म्हणजे थीब्ज. राज्याभिषेकाचं नाव आखेपेरे. घराण्याच्या शेवटी याच नावाचा आणखी एक राजा झाला, म्हणून हा पहिला.

तो राजा झाला तेव्हा इजिप्तची अवस्था कशी होती?

घर मोठं, पोकळ वासा. शेवटचा रामसेस, म्हणजे अकरावा, गेल्यावर नव्या साम्राज्याचा, म्हणजे इजिप्तच्या वैभवाचा काळ संपला. सीरिया-पॅलेस्टाइनवरचा ताबा गेला, दक्षिणेत नुबियाही हातची गेली. नुबिया गेल्यामुळे तिथून येणाऱ्या सोन्याचाही ओघ आटला. देशाचे व्यवहारात दोन भाग पडले. उत्तरेत तानिसचे राजे आणि दक्षिणेत थीब्जचे पुजारी. हे पुजारी नावाला पुजारी. सैन्य, खजिना, न्यायनिवाडा, सगळं त्यांच्याच हातात.

बाहेर इजिप्तची पत काय राहिली होती, हे वेनामुनच्या पपायरसवरून, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लेखावरून, कळतं. अमुन देवाच्या पवित्र नौकेसाठी देवदाराचं लाकूड आणायला वेनामुन नावाचा मंदिराचा अधिकारी आजच्या लेबनॉनमधल्या बिब्लोसला जातो. वाटेत दोर बंदरात त्याच्याच जहाजावरचा माणूस त्याचं सोनं-रुपं घेऊन पळतो. बिब्लोसचा राजा त्याला रोज निरोप पाठवतो, 'माझ्या बंदरातून चालता हो', आणि हे सलग २९ दिवस चालतं. शेवटी भेट होते तेव्हा राजा जुने हिशेबाचे कागद काढून दाखवतो. पूर्वीच्या फॅरोंनी रोख मोजून लाकूड नेलं होतं, तूही आधी दाम ठेव. ही खरी हकिगत की रचलेली कथा, यावर अभ्यासकांत वाद आहे. कथा असली तरी इजिप्तचाच माणूस स्वतःच्या देशाविषयी असं लिहितो, हे पुरेसं बोलकं आहे. गोष्ट घडते ती सुसेनेसच्या आधीच्या पिढीत, तानिसचा पहिला राजा स्मेंडेस याच्या वेळी. स्मेंडेसनंतर अमेनेमनिसू हा अल्पकाळ राजा झाला, आणि मग आपला सुसेनेस.

पुजाऱ्याचा मुलगा राजा कसा झाला?

त्या काळातली गंमत इथेच आहे. थीब्ज आणि तानिस ही दोन सत्तास्थानं असली तरी घर एकच होतं. पिनेजेमने थीब्जला बसून पुढे स्वतःला राजाच्या पदव्याही लावून घेतल्या. त्याचा एक मुलगा उत्तरेत राजा झाला आणि बाकीचे एकामागून एक दक्षिणेत मुख्य पुजारी. त्यांतला मेनखेपेरे हा सुसेनेसच्या राजवटीचा बहुतेक काळ थीब्जचा सर्वेसर्वा होता.

सुसेनेसने आपली मुलगी इसेतेमखेब या मेनखेपेरेला दिली. म्हणजे सख्ख्या काकाशीच तिचं लग्न. आपल्याला ऐकायला विचित्र वाटेल, पण राजकारण म्हणून चोख. पुढच्या पिढीत दोन्हीकडचं रक्त एक झालं आणि भाऊबंदकीला जागा उरली नाही.

दोन भाऊ, दोन राजधान्या. भांडण झालंच नाही?

उघड युद्ध झाल्याचा पुरावा नाही. पण दोघांनी एकमेकांना जोखून ठेवलं होतं, हे खुणांवरून दिसतं. मेनखेपेरेने अधूनमधून आपलं नाव कार्टूशमध्ये, म्हणजे फक्त राजाच्या नावाभोवती काढायच्या लंबगोलात, लिहिलंय. उलट सुसेनेसने तानिसला बसून स्वतःला 'अमुनचा मुख्य पुजारी' म्हणवून घेतलंय. ज्याने त्याने दुसऱ्याच्या पदवीवर हात ठेवलेला. थीब्जच्या हद्दीची उत्तर टोकाची ठाणी मध्य इजिप्तमधल्या एल-हिबाला होती. तिथल्या तटबंदीच्या विटांवर मेनखेपेरे आणि इसेतेमखेब यांच्या नावाचे शिक्के आहेत. उत्तरेतल्या भावाशी सलोखा होता हे खरं, तरी तट बांधायचा तो बांधलाच.

थीब्जमध्ये मात्र मेनखेपेरेला सुरुवातीला बंडाळी निस्तरावी लागली. काही लोकांना पश्चिमेच्या वाळवंटातल्या मरूद्यानांत हद्दपार केलं होतं. पुढे अमुनचा कौल घेऊन त्यांना परत येऊ दिलं. हा कौल असा: देवाची मूर्ती नौकेत बसवून पुजारी खांद्यावर मिरवत आणत, प्रश्न विचारला की नौका पुढे सरकली तर होकार. त्या निकालाचा शिलालेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. देवानेच माफी दिली म्हटल्यावर बोलणार कोण? राज्यकारभाराचा हा मार्ग मला तरी सैन्य पाठवण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

त्याने राज्य किती वर्षं केलं?

चाळीसहून जास्त. इजिप्तचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिणारा पुजारी मानेथो याचा मूळ ग्रंथ हरवलाय. इतरांनी केलेले उतारे उरलेत, त्यांतल्या एकात ४६ वर्षं आहेत तर दुसऱ्यात ४१.

याहून रंजक पुरावा ममीच्या पट्ट्यांवरचा आहे. ममी गुंडाळायच्या कापडावर शाईने ते कधी विणलं त्याची नोंद करत, राजाच्या कितव्या वर्षी वगैरे. अशा एका फाटक्या पट्टीवर उरलेला मजकूर आहे: 'राजा अमेनेमोपे, वर्ष ४९'. अमेनेमोपे हा सुसेनेसचा वारस. पण त्याने ४९ वर्षं राज्य केलेलं नाही, हे इतर नोंदींवरून ठरलेलं. मग बऱ्याच अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा की पट्टीचा पुढचा-मागचा भाग फाटलाय आणि मूळ वाक्य 'राजा अमेनेमोपेचं अमुक वर्ष, म्हणजेच राजा सुसेनेसचं ४९ वं' असं असावं. हे मानलं तर म्हातारपणी राजाने वारसाला सोबत घेऊन कारभार केला, असंही मानावं लागतं. एका चिंधीवर इतका इतिहास उभा आहे. एकविसाव्या घराण्याचा सगळा कालक्रम असाच ठिगळं जोडून बसवलाय, त्यामुळे वेगवेगळ्या पुस्तकांत त्याची सालं पाच-दहा वर्षांनी पुढेमागे दिसली तर गोंधळून जाऊ नका.

तानिस कुठे आहे?

आजचं सान अल-हगर, इजिप्तच्या शर्किया प्रांतात, कैरोच्या ईशान्येला. सपाट शेतजमिनीतून एकदम वर आलेलं मोठं पांढरीचं टेकाड आहे. त्यावर मोडून पडलेले ओबेलिस्क, म्हणजे टोकदार उंच दगडी स्तंभ, रामसेस दुसऱ्याचे भव्य पुतळे, ग्रॅनाइटचे तुकडे.

रामसेसचे पुतळे तिथे कसे? राजधानी तर सुसेनेसच्या घराण्याची होती ना?

याच प्रश्नाने पुरातत्त्वज्ञांना कित्येक वर्षं चकवलं. रामसेस दुसऱ्याने त्रिभुज प्रदेशात पी-रामसेस नावाची भव्य राजधानी वसवली होती, आणि तिची जागा सापडत नव्हती. तानिसला जिकडे बघावं तिकडे रामसेसचं नाव. तेव्हा तानिसमध्ये १९२९ पासून खोदकाम करणाऱ्या फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर मोंते यांनी ठरवलं, की हेच पी-रामसेस.

खरी जागा होती तिथून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवरचं कांतिर. लबीब हबाची या इजिप्शियन अभ्यासकाने ते आधीच सुचवलं होतं, मानफ्रेड बीताक आणि इतरांच्या उत्खननांनी पुढे ते पक्कं केलं. झालं असं होतं, की पी-रामसेस ज्या नाईलच्या फाट्यावर होतं तो गाळाने भरत गेला. बंदर मेलं की शहर मेलं. एकविसाव्या घराण्याने मग पुतळे, ओबेलिस्क, कोरीव ठोकळे असं सगळं उचलून नव्या ठिकाणी, तानिसला आणलं. जुना वाडा पाडला की त्याचे कोरीव खांब नव्या घराच्या ओसरीला लागतात, तसंच. फरक इतकाच, की इथे एकेक खांब टनावारी वजनाचा.

सुसेनेसला तर रामसेसचं इतकं आकर्षण, की काही वस्तूंवर त्याने आपलं नाव 'रामसेस-सुसेनेस' असं लिहवून घेतलंय.

त्याने स्वतः काही बांधलं की नाही?

बांधलं. तानिसच्या अमुन मंदिराचा गाभा आणि त्याभोवतीचा कच्च्या विटांचा प्रचंड कोट त्याचा आहे. विटांवर त्याच्या नावाचा ठसा आहे. थीब्जला जसं अमुन, मूत आणि खोन्सू हे देवकुटुंब, तसंच तानिसलाही वसवलं. दक्षिणेच्या क्षेत्राची उत्तरेत प्रतिष्ठापना, असं म्हणता येईल. थीब्जमधल्या कर्नाकच्या मंदिराच्या मानाने सगळं छोटं, आणि दगड बहुतेक उसना.

त्याची कबर कशी सापडली?

फेब्रुवारी १९३९. मोंते मंदिराच्या कोटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात खणत होते. वर ग्रीक टॉलेमी राजांच्या काळातली मातीची घरं होती, ती काढताना खाली दगडी छत लागलं. पहिली कबर नंतरचा एक राजा ओसोर्कोन दुसरा याची निघाली. चोरांनी ती फार पूर्वीच धुतलेली. शेजारची दुसरी मात्र शाबूत होती. मार्चमध्ये मोंते तिच्यात उतरले. भिंतींवर सुसेनेसचं नाव कोरलेलं, आणि पुढच्याच दालनात चांदीची शवपेटी. पण तिचं तोंड ससाण्याचं आणि नाव भलत्याचंच: शेशोंक, तेही असा शेशोंक, जो तोवर कुणाला माहीतच नव्हता. २१ मार्च १९३९ ला इजिप्तचा राजा फारूक याच्यासमोर ती उघडली.

यजमान कुठे गेला मग? दालनाच्या पश्चिमेच्या भिंतीत दोन वाटा बुजवलेल्या होत्या. ग्रॅनाइटच्या ठोकळ्याने दार इतकं बेमालूम बंद केलेलं, की वरची चित्रं बघताना ते लक्षातही येऊ नये. पुढच्या हंगामात, १९४० च्या सुरुवातीला, तो ठोकळा हलवला. आत अरुंद खोलीत गुलाबी ग्रॅनाइटची पेटी, तिच्याभोवती सोन्याचांदीची भांडी आणि उशबती, म्हणजे परलोकात राजाची कामं करणाऱ्या छोट्या बाहुल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस चांदीची शवपेटी उघडली. एप्रिलमध्ये शेजारची दुसरी वाट उघडली. ती खोली राणी मुतनेजमेतसाठी बांधलेली, पण आत निजला होता वारस अमेनेमोपे.

मग सगळ्या जगाला तुतनखामेन माहीत आणि हा नाही, असं का?

मुहूर्त चुकला. तुतनखामेन सापडला नोव्हेंबर १९२२ ला. पहिलं महायुद्ध संपलेलं, वर्तमानपत्रांना भरपूर जागा, लोकांना चटकदार बातमी हवी होती. सुसेनेसची शवपेटी उघडली तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होऊन सहा महिने झाले होते. मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला काम आवरून मायदेशी परतावं लागलं. पॅरिस पडत असताना तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाची बातमी कोण वाचणार?

दुसरं कारण थोडं कडू आहे. तुतनखामेनच्या कबरीत रथ, पलंग, कपडे, चपला, अगदी खाऊचे डबेही टिकले होते. लोकांना माणूस दिसला. तानिसच्या ओल्या मातीत लाकूड, कापड, पपायरस सगळं कुजून गेलं. उरलं ते फक्त धातू आणि दगड. सौंदर्य आहे, पण घरगुतीपणा नाही. याउलट तुतनखामेनच्या कबरीत चोर निदान दोनदा शिरले होते, आणि सुसेनेसची खोली मात्र जशी बंद केली तशीच सापडली. फॅरोच्या अशा अस्पर्श खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत.

चोरांपासून ती वाचली कशी?

जागेच्या निवडीमुळे. राजांचं खोरं, म्हणजे थीब्जजवळची ती प्रसिद्ध दरी, तोवर लुटली गेली होती. रामसेस नवव्याच्या काळातले चोरांचे कबुलीजबाब पपायरसवर लिहिलेले आहेत. सोनं काढून घेतलं आणि शवपेट्या जाळल्या, असं चोर स्वतः सांगतात. सुसेनेसच्या पिढीने यातून बोध घेतला. डोंगरात लांब जाऊन लपण्यापेक्षा मंदिराच्या कोटात, पुजाऱ्यांच्या नजरेखाली पुरून घेतलं. पुढे त्यावर घरं झाली आणि कबरी विस्मृतीत गेल्या. त्या अंगणात वावरणाऱ्या कुणाला पायाखाली काय आहे याची कल्पना नसणार.

त्याची दगडी शवपेटी दुसऱ्या राजाची होती हे खरं का?

अगदी खरं, आणि या कबरीतली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

बाहेरची गुलाबी ग्रॅनाइटची पेटी मूळ मेर्नेप्ताहची. हा रामसेस दुसऱ्याचा मुलगा. 'इस्रायल' हे नाव ज्या इजिप्शियन शिलालेखात येतं तो शिलालेखही याचाच. सुसेनेसच्या आधी दोनशे वर्षांपूर्वी वारलेला. राजांच्या खोऱ्यातल्या त्याच्या कबरीत एकात एक बसणाऱ्या दगडी पेट्या होत्या, त्यांतली ग्रॅनाइटची सगळ्यात आतली तानिसला गेली. मेर्नेप्ताहचं नाव घासून त्यावर सुसेनेसचं कोरलं. पण झाकणावर आडव्या पडलेल्या राजाच्या कमरपट्ट्यावर मेर्नेप्ताहचा कार्टूश तसाच राहिलाय. कारागिराची नजर चुकली, की मूळ मालकाचा मान म्हणून मुद्दाम ठेवला? मला दुसरं पटतं. इतकं बारीक काम करणारा हात पोटावरच्या ठळक नावाला विसरेल, हे जरा कठीण वाटतं. झाकणाच्या आतल्या बाजूला आकाशाची देवी नूत कोरलेली आहे, हात पसरून खाली राजाकडे बघणारी. झाकण बसलं की देवी आणि राजा समोरासमोर.

त्याच्या आत काळ्या ग्रॅनाइटची मानवाकृती पेटी. तीही जुनी, एकोणिसाव्या घराण्यातल्या कुणा मानकऱ्याची. आणि तिच्या आत चांदीची, ती मात्र खास त्याच्यासाठी घडवलेली.

म्हणजे त्याने कबर लुटली, असंच ना?

चोरी म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात हा सरकारी उपक्रम होता. पिनेजेमचा बाप पिआंख, म्हणजे सुसेनेसचा आजा, याचं एक पत्र उरलंय. नुबियाच्या मोहिमेवरून तो थीब्जच्या कबरींच्या कारभाऱ्यांना लिहितो, की पूर्वजांच्या कबरींपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत तिचं सील सांभाळा. लढाईला पैसा हवा होता, आणि तो डोंगरात पुरलेला होता.

त्या पिढ्यांनी जुन्या राजांच्या ममी कबरींतून काढल्या, सोनं उतरवून घेतलं, नवीन कापडात गुंडाळलं, नावं लिहिली आणि गुप्त जागी एकत्र ठेवल्या. देर अल-बहारीजवळ १८८१ मध्ये अधिकाऱ्यांच्या हाती लागलेला राजांच्या ममींचा मोठा साठा त्यातलाच. रामसेस दुसरा, सेती पहिला यांचे चेहरे आज आपण पाहू शकतो ते या लोकांमुळे. लुटलं त्यांनीच, जपलंही त्यांनीच. खुद्द पिनेजेमने स्वतःसाठी घेतलेली शवपेटी मुळात थुतमोस पहिल्याची होती. तेव्हा मुलाने मेर्नेप्ताहची पेटी घेतली यात घराण्याच्या रीतीबाहेरचं काही नव्हतं.

इजिप्तमध्ये चांदी सोन्याहून महाग होती म्हणतात. म्हणून शवपेटी चांदीची का?

हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. अगदी जुन्या काळात चांदी दुर्मिळ होती आणि सोन्याहून चढ्या भावाची होती. पण रामसेसांच्या काळापर्यंत चित्र उलटलं होतं, सोनं साधारण चांदीच्या दुप्पट किमतीला जाई. चांदीची शवपेटी म्हणून सुसेनेस तुतनखामेनपेक्षा श्रीमंत ठरत नाही.

तरी चांदीला महत्त्व होतंच. इजिप्तमध्ये चांदीच्या म्हणाव्या तशा खाणी नाहीत, ती पश्चिम आशिया आणि एजियन समुद्राकडून यायची. म्हणजे व्यापार चालू होता. आणि श्रद्धा अशी, की देवांचं मांस सोन्याचं आणि हाडं चांदीची. राजा मेल्यावर देव होतो, मग चांदीच्या देहात सोन्याचा मुखवटा, हे धर्माला धरून.

शवपेटी जवळून पाहिली तर कारागिरांची तयारी कळते. छातीवर हातांची फुली, एका हातात आकडी आणि दुसऱ्यात आसूड, ही राजाची चिन्हं. कपाळाला सोन्याची पट्टी आणि सोन्याचा नाग. अंगभर पिसांची कोरीव नक्षी. मुखवटा सोन्याचा, जेमतेम ४८ सेंटिमीटर उंच, डोळ्यांत काळी-पांढरी काच, लाजवर्दाची, म्हणजे निळ्या मौल्यवान दगडाची, जडणूक. तुतनखामेनच्या मुखवट्यासारखे निळे पट्टे नाहीत, सगळं साधं पिवळं सोनं. चेहऱ्यावर किंचित हसू. मला दोघांत हा जास्त देखणा वाटतो. कुणी वाद घालायचा तर घालू दे.

बाकी दागदागिने काय मिळाले?

बोटांना आणि पायाच्या बोटांना सोन्याची टोपणं, पायात सोन्याच्या चपला, बांगड्या, छातीवरची पदकं, सोन्याच्या चकत्या ओवलेले जड अनेकपदरी हार. यांत एक लाजवर्दी मण्यांचा हार वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. त्यातल्या एका मण्यावर कीलाकार लिपीत मजकूर आहे. असिरियाच्या एका वजिराने आपल्या थोरल्या मुलीच्या आयुष्यासाठी तो मणी देवाला वाहिलेला. असिरियातल्या बापाचा नवस इजिप्तच्या राजाच्या गळ्यात कसा पोचला, भेट म्हणून की व्यापारात, ते मणी सांगत नाही. पण एकविसावं घराणं म्हणजे कोपऱ्यात दडलेलं, जगाशी संबंध तुटलेलं राज्य, ही समजूत खोडायला तो एकच मणी पुरेसा आहे.

रामसेस दुसऱ्याच्या नावाची ब्राँझची शेगडीही याच कबरीत निघाली. तीही जुन्या घरातून आलेली.

ममीचं काय झालं?

ओलीने तिची माती झाली. काळपट भुगा आणि हाडं उरली. ही हाडं डॉ. डग्लस डेरी यांनी तपासली. पंधरा वर्षांपूर्वी तुतनखामेनची ममी तपासणारेही तेच. निष्कर्ष असा, की हा माणूस चांगला म्हातारा होऊन वारला. दातांची पार वाट लागलेली, गळवांनी जबडा पोखरलेला, मणक्यांना संधिवात. शेवटची वर्षं अंगदुखी आणि दातदुखीत गेली असणार. मुखवट्यावर मात्र तो कायमचा पंचविशीतला.

त्या कबरीत इतकी माणसं कशी?

पुढच्या पिढ्यांनी ती कुटुंबाची कबर करून टाकली. अमेनेमोपे आणि शेशोंक यांचा उल्लेख आलाच. राजपुत्र अंखेफेनमूतसाठीही एक खोली होती, पण भिंतींवरून त्याचं नाव खोडलेलं आहे. काहीतरी बिनसलं असणार.

सगळ्यात वेगळा माणूस वेनजेबाऊएनजेद. हा राजघराण्यातला नव्हता. सेनापती, आणि सोबत धार्मिक पदंही. सुसेनेसने त्याला स्वतःच्या कबरीत जागा दिली. त्याची खोली मोंते युद्धानंतर परत आले तेव्हा, १९४६ मध्ये सापडली. त्याच्याजवळचा सोन्याचांदीचा पसरट वाडगा अप्रतिम आहे. आत पाण्यात पोहणाऱ्या मुली, मासे, बदकं आणि कमळं. फॅरोने सेनापतीला दिलेला मान म्हणून त्याकडे बघावं.

बायबलमधल्या मोशेच्या गोष्टीतला फॅरो हाच का?

नाही. तो घोळ मेर्नेप्ताहच्या पेटीमुळे होतो. त्या गोष्टीशी नाव जोडलं जातं ते बहुतेक रामसेस दुसऱ्याचं किंवा मेर्नेप्ताहचं, आणि तेही श्रद्धेच्या अंगाने. शलमोन राजाला मुलगी देणारा फॅरो म्हणूनही सुसेनेसचं नाव घेतलेलं दिसतं. तो कालक्रमात नंतरचा, बहुधा याच घराण्यातला सियामुन.

हे सगळं आज कुठे पाहता येईल?

कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या इजिप्शियन म्युझियममध्ये, वरच्या मजल्यावरच्या तानिस दालनात. तुतनखामेनचा खजिना गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमला गेला, त्यामुळे जुन्या इमारतीत आता सुसेनेसच मुख्य पाहुणा आहे. गर्दी कमी, मुखवट्यासमोर हवं तेवढं उभं राहा. तहरीर चौकातच रामसेस दुसऱ्याचा ओबेलिस्क उभा केलाय, तो सान अल-हगरहून आणलेला. गिझाच्या म्युझियमच्या दारातला, ज्याच्या खालून चालत जाता येतं तो ओबेलिस्कही तिथलाच.

२०२५ मध्ये चोरीला गेलेलं सोन्याचं कंकण सुसेनेसचं होतं का?

त्याच्या वारसाचं, अमेनेमोपेचं. लाजवर्दाचा गोल मणी बसवलेलं कंकण. सप्टेंबर २०२५ मध्ये, रोमच्या प्रदर्शनासाठी वस्तू बांधताना, म्युझियमच्या दुरुस्ती प्रयोगशाळेतल्या तिजोरीतून ते गायब असल्याचं लक्षात आलं. तपासात तिथल्याच एका कर्मचाऱ्याने ते नेल्याचं उघड झालं. सराफांच्या हातांतून फिरत ते सुमारे १,८०,००० इजिप्शियन पौंडांना विकलं गेलं आणि इतर सोन्यात वितळवलं गेलं. तीन हजार वर्षं सुरक्षित राहिलेली वस्तू संग्रहालयातून गेली. संतापाशिवाय दुसरी प्रतिक्रिया सुचत नाही.

तानिसला अजून काही सापडतंय का?

हो. फ्रेंच पथक तिथे आजही काम करतं. २०२५ मध्येच ओसोर्कोन दुसऱ्याच्या कबरीत गाळाखाली २२५ उशबती ओळीने मांडलेल्या सापडल्या, आणि त्यांवरचं नाव निघालं शेशोंक तिसऱ्याचं. शेजारची नाव नसलेली ग्रॅनाइटची पेटी त्याचीच, असं आता मानतात. आणि शेशोंक तिसऱ्याने स्वतःसाठी चांगली ऐसपैस कबर त्याच आवारात बांधून ठेवली होती. तिथे न जाता तो पूर्वजाच्या कबरीत का निजला, यावर सध्या पथकाचं काम चालू आहे.